पुस्तिकेला कुलूप, यादी मात्र चव्हाट्यावर

मागच्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत येणारी एक मुलगी मोबाइल घेऊन माझ्याकडे आली. एम.ए.चे दुसरे वर्ष, लघुशोधप्रबंधाचा विषय आंबेडकरी जलसे. "ताई, ह्यातलं काहीच घेता येत नाही," म्हणाली. तिच्या मोबाइलवर आपल्याच चळवळीतल्या एका अभ्यास मंडळाने काढलेली पुस्तिका होती, पीडीएफ. मजकूर निवडायला गेले की निवडला जात नाही. प्रिंटचे बटण राखाडी. प्रत्येक पानावर तिरप्या अक्षरात मंडळाचे नाव, इतके ठळक की खालची ओळ वाचताना डोळे बारीक करावे लागतात. या मुलीने अकरा पाने वहीत हाताने उतरवली होती. पुढे हात दुखायला लागला तेव्हा आईचा मोबाइल घेऊन आपल्या मोबाइलच्या पडद्याचे फोटो काढत बसली.

पुस्तिकेच्या पहिल्या पानावर छापले होते, 'समाजप्रबोधनासाठी मोफत'. त्याच्याच खाली, 'कॉपी, प्रिंट किंवा फॉरवर्ड केल्यास कायदेशीर कारवाई करण्यात येईल'.

आता मला सांगा, उतरवून घ्यायचे नाही, छापायचे नाही, पुढे पाठवायचे नाही, मग प्रबोधन होणार कसे? नुसते दर्शन घेऊन?

ज्या दादांनी हे कुलूप लावले त्यांना मी फोन केला. त्यांचे नाव लिहीत नाही, कारण माणूस प्रामाणिक आहे. पंचवीस वर्षे चळवळीत, पदरमोड करून पुस्तिका काढतात. ते म्हणाले, "ताई, तुम्ही नवीन आहात. आपण रात्र रात्र जागून लिहायचं आणि विद्यापीठातल्या कुणी साहेबानं ते उचलून स्वतःच्या नावावर पेपर छापायचा. आपलं नाव तळटीपेतसुद्धा नाही. आणि बाबासाहेबांच्या नावावर हल्ली काय काय फिरतंय ते बघता ना? उद्या आपलीच फाइल घेऊन त्यात दोन ओळी घुसडल्या तर?"

दोन्ही भीती खऱ्या आहेत. मी समाजशास्त्र शिकले आहे, त्यामुळे पहिली तर मला आतून माहीत आहे. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांकडून तासन्‌तास आठवणी टेप करून नेलेल्या लोकांनी नंतर छापलेल्या पुस्तकाची एक प्रतही आणून दिली नाही, हे मी पाहिले आहे. ज्या आजीने जलशाची अख्खी कवने पाठ म्हणून दाखवली, ती प्रबंधात 'माहितीदाता क्रमांक ७' झाली. तेव्हा दादांचा राग माझाही राग आहे. माझे भांडण त्यांच्या रागाशी नाही, त्यांनी निवडलेल्या कुलपाशी आहे. ते चोराला अडवत नाही. ते त्या मुलीला अडवते.

हे कुलूप असते काय ते आधी समजून घेऊ. पीडीएफला दोन प्रकारचे पासवर्ड लावता येतात. एक फाइल उघडण्याचा. तो लावला की आतला मजकूर खरोखरच सांकेतिक होऊन बसतो आणि पासवर्ड नसेल तर फाइल उघडत नाही. दुसरा परवानगीचा. तो लावलेली फाइल कोणालाही उघडता येते. फक्त फाइलमध्ये एक सूचना लिहिलेली असते की बाबा रे, छापू देऊ नकोस, कॉपी करू देऊ नकोस. वाचणारे सॉफ्टवेअर ही सूचना पाळते, कारण पाळायची पद्धत आहे. न पाळणारी सॉफ्टवेअरे फुकट मिळतात. गुगल ड्राइव्हवर 'बघणाऱ्यांना डाउनलोड, प्रिंट, कॉपी नको' अशी खूण करता येते, तिचेही तेच. पडद्यावर दिसले की स्क्रीनशॉट निघतो. एक्सेलच्या शीटला पासवर्ड लावतो आपण, तर मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगते की हे सुरक्षेसाठी नाही, चुकून कोणाचा हात लागून सूत्र बिघडू नये यासाठी आहे. म्हणजे दाराला कडी आहे, कुलूप नाही. आणि कडीवर पाटी लावली आहे 'आत येऊ नये'. ज्याला लुटायचे आहे तो पाटी वाचत नाही.

ज्याला ती उघडायची कशी हे माहीत आहे, ज्याच्याकडे लॅपटॉप आहे, संस्थेचे इंटरनेट आहे, टायपिंगला माणूस आहे, त्याला आपली पुस्तिका पाच मिनिटांत मोकळी करता येते. जिच्याकडे सात हजारांचा मोबाइल आहे तिच्यासाठी मात्र ती बंद. दादा ज्या विद्यापीठातल्या साहेबाला घाबरतात, त्या साहेबाचे काहीही अडलेले नाही.

उलट सोय झाली आहे, तीही त्याची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे प्रबंध सादर करण्याआधी वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधून जावा लागतो. हे सॉफ्टवेअर नवा मजकूर आधीच्या मजकुराशी ताडून बघते. म्हणजे आधीचा मजकूर त्याला वाचता आला पाहिजे! आपण काय करतो? कॉपी होऊ नये म्हणून पानांची चित्रे करतो आणि चित्रांची पीडीएफ बनवतो. किंवा जुन्या श्रीलिपी, कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप करतो, ज्यातला मजकूर उचलला की 'भारत'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा पडतो. यंत्राच्या दृष्टीने आपली पुस्तिका अस्तित्वातच नाही. साहेबाने त्यातला परिच्छेद युनिकोडमध्ये टाइप करून घेतला की तपासणीत तो शंभर टक्के अस्सल, त्याचा स्वतःचा! चोरी पकडायची तर माल उघड्यावर, तारखेसह, शोधता येईल असा ठेवावा लागतो. आपण तो तळघरात ठेवून दार बंद केले.

माझ्या रागाचे दुसरे कारण जरा जुने आहे.

तहसील कार्यालयात फाइल मागायला गेल्यावर बाबू काय म्हणतो? "बघून घ्या, झेरॉक्स मिळणार नाही." हे वाक्य आपल्यातल्या प्रत्येक कार्यकर्त्याने ऐकले आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हाती आला तेव्हा आपण त्याचे कलम २(ञ) पाठ केले. त्यात निव्वळ अभिलेख पाहण्याचा हक्क नाही. टिपणे काढण्याचा, उतारे घेण्याचा, प्रमाणित प्रती मिळवण्याचा आणि इलेक्ट्रॉनिक स्वरूपात माहिती घेण्याचाही हक्क वेगवेगळा लिहून ठेवला आहे. का लिहावा लागला? कारण पाहू देणे म्हणजे देणे नव्हे, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते. गावाकडचा अडाणी समजला जाणारा शेतकरीही सातबारा 'बघायला' जात नाही, सातबाऱ्याची नक्कल आणायला जातो. आणि आपण, नकलेसाठी उपोषणाला बसलेले लोक, आपल्याच पोरांना म्हणतो, बघून घ्या, झेरॉक्स मिळणार नाही.

गौतम धर्मसूत्राच्या बाराव्या अध्यायात शूद्राला वेदाबाबत तीन शिक्षा सांगितल्या आहेत. ऐकले तर कानात शिसे आणि लाख. उच्चारले तर जीभ छाटायची. ध्यानात ठेवले तर देहाचे तुकडे. शिक्षा कशी चढत गेली आहे बघा. नुसते कानावर पडणे, मग ते म्हणता येणे, मग ते आपलेसे होऊन जवळ राहणे. व्यवस्थेला सर्वांत जास्त भीती तिसऱ्याची होती. ज्ञान ज्याच्याजवळ राहते तो ते पुढे देतो. मी दादांची तुलना धर्मसूत्रकाराशी करत नाही, कोणी तसा अर्थ काढू नये. पण वाचू देतो, घेऊ देणार नाही, ही कल्पना आली कुठून, याचा विचार आपण करणार की नाही?

आपली स्वतःची परंपरा नेमकी उलटी आहे. वामनदादा कर्डकांची गाणी महाराष्ट्राच्या कोपऱ्याकोपऱ्यात कशी पोचली? रात्रीच्या कार्यक्रमाला बसलेल्या पोरांनी वहीत उतरवून घेतली म्हणून. माझ्या मामाकडे अशी एक वही होती, निळ्या शाईची, पाण्याने पसरलेली. तेव्हाही गाणी चोरीला जात होती, नाव गाळून गायली जात होती. मग वामनदादांनी काय केले? गाण्याला कुलूप लावले नाही. शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव गुंफले. शाहिरांची, संतांची नाममुद्रेची जुनी रीत आहे ही. नाव काढायला गेलात तर कडवे मोडते. मजकूर मोकळा, पण सही त्याच्या हाडात. याहून शहाणी तजवीज मला तरी माहीत नाही, आणि आज संगणकावर ती आणखी सोपी झाली आहे. त्याबद्दल पुढे.

आता दादांची दुसरी भीती, मजकुरात फेरफार होण्याची. इथे मी पूर्णपणे त्यांच्या बाजूची आहे, आणि बाबासाहेबही आहेत.

१९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्षीय भाषणाला बोलावले. भाषण हाती पडल्यावर मंडळाचे धाबे दणाणले. वेदांवर इतके कशाला, धर्मांतराचा उल्लेख कशाला, अमुक भाग गाळता येईल का, अशी पत्रे सुरू झाली. बाबासाहेबांनी मंडळाच्या हर भगवान यांना २७ एप्रिलच्या पत्रात कळवले की एक स्वल्पविरामही बदलणार नाही. परिषद रद्द झाली. भाषण त्यांनी स्वतःच्या खर्चाने छापले, १५०० प्रती. हे आपण सगळे अभिमानाने सांगतो. पण गोष्ट तिथे संपत नाही. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत बाबासाहेब सांगतात की त्या १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या, गुजराती आणि तमिळ भाषांतरे निघाली, मराठी, हिंदी, पंजाबी, मल्याळमची चालू आहेत. भाषणाचे रूप बदलून सलग निबंध करा, असे सुचवणारे होते. त्यांनी मूळ रूपच ठेवले. गांधींनी 'हरिजन'मध्ये टीका केली, तर ती टीका आणि तिला दिलेले उत्तर परिशिष्टात जोडले. मूळ मजकुराला हात नाही!

म्हणजे एकाच पुस्तकाबाबत दोन वेगळे निर्णय आहेत. फेरफार? स्वल्पविरामाचाही नाही. प्रसार? जितक्या भाषांत होईल तितका. आपण या दोन गोष्टींची गल्लत केली आहे. कॉपी बंद केली की फेरफार थांबेल असे आपल्याला वाटते. उलट आहे. अस्सल प्रत सहज मिळत नाही तेव्हाच नकली चालते. बाबासाहेबांच्या नावावरचे एखादे बनावट वाक्य गुळगुळीत रंगीत चित्रावर फिरते, तेव्हा ते खोडून काढायला मला मूळ खंड, पान, परिच्छेद दोन मिनिटांत समोर टाकता आला पाहिजे. तो कुलपात असेल तर मी काय टाकू?

आणि 'कायदेशीर कारवाई' कसली? दादांच्या पुस्तिकेतली निम्मी पाने बाबासाहेबांच्याच उताऱ्यांची आहेत. आपल्या देशात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेले लेखन १ जानेवारी २०१७ पासून सर्वांचे झाले. (मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांचा हिशेब प्रकाशनाच्या वर्षापासून होतो, आणि भाषांतरावर भाषांतरकाराचा हक्क वेगळा असतो, तेही लक्षात ठेवा.) जे सर्वांचे झाले त्यावर आपल्या मंडळाचा शिक्का तिरपा मारून 'सर्व हक्क राखीव' म्हणायचे, याला मी सौम्य शब्द शोधते आहे, सापडत नाही. सरकारने बाबासाहेबांचे खंड छापण्यात किती हयगय केली ते आपण पाहिले. छपाईसाठी घेतलेला कागद पडून असल्याची बातमी आली तेव्हा २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. तेव्हा आपण सरकारला शिव्या दिल्या. रास्तच होत्या. पण सरकार छापत नाही आणि आम्ही छापू देत नाही, यात फरक किती उरला?

एक अपवाद मी मानते, आणि तो मोठा आहे. चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला, दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला जमिनीवर चादर अंथरून पुस्तके विकणारा छोटा प्रकाशक आणि पोटाला चिमटा घेऊन लिहिणारा हयात लेखक. त्याच्या तीनशे रुपयांच्या पुस्तकाची अख्खी पीडीएफ ग्रुपवर टाकून 'जय भीम, सर्वांनी वाचा' लिहिणारे महाभाग आहेत. त्यांनी प्रबोधनाचे नाव घेऊ नये. पुस्तक विकत घ्या. परवडत नसेल तर चौघांत एक घ्या. पण मोफत म्हणून काढलेल्या पुस्तिकेला हा न्याय लागू होत नाही. तिथे कोणाची चूल विझत नाही.

अंध वाचकाचा विचार तर आपल्या कोणाच्याच डोक्यात येत नाही. मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला आतली अक्षरे मिळावी लागतात. पानाचे चित्र केले की ते मुके होते. परवानगीचा पासवर्ड लावताना अशा सॉफ्टवेअरसाठी वेगळी खूण राखून ठेवावी लागते, ती किती जण राखतात? आपल्या समाजातली अंध मुले काही कमी नाहीत. स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने अपंग वाचकांसाठी सुलभ प्रत बनवायला खास मुभा दिली, संसदेने! आणि आपली मोफत पुस्तिका मात्र त्यांच्यापुढे गप्प.

इथवर दादांना झाले. आता माझी पाळी. कारण कुलूप जिथे हवे होते तिथे ते मी लावले नाही.

तीन वर्षांपूर्वी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देण्याचे शिबिर आम्ही चार वस्त्यांत घेतले. नोंदी ठेवायला गुगल शीट मीच बनवली. नाव, पत्ता, जातीच्या दाखल्याचा क्रमांक, आधार, बँक खाते, मोबाइल, पालकांचे उत्पन्न. चार ठिकाणची पोरे आपापल्या मोबाइलवरून भरणार, प्रत्येकाला परवानगी देत कुठे बसू, म्हणून मी खूण केली: ज्याच्याकडे लिंक आहे तो कोणीही बदल करू शकेल. लिंक टाकली ग्रुपवर. ग्रुपमध्ये १८० माणसे. त्यातली निम्मी मी कधी पाहिलेलीही नाहीत. शीट उघडली की वरच्या कोपऱ्यात अनामिक प्राण्यांची चित्रे दिसत, आणि आम्ही हसत असू, आज कांगारू आलाय, आज कासव आलंय. ते कांगारू कोण, हे विचारायचे मला सुचले नाही.

एका रात्री कोणीतरी नावाचा एकच रकाना निवडून अकारविल्हे लावला. बाकीचे रकाने जागेवरच. सकाळी एकीच्या नावासमोर दुसरीचे बँक खाते, तिसरीचा दाखला. जुनी आवृत्ती परत आणता येते हे एका पोराला माहीत होते म्हणून निभावले, नाहीतर अर्जाची मुदत चार दिवसांवर होती. पण खरे नुकसान ते नव्हते. पुढच्या पंधरवड्यात आमच्या तीन मुलींना फोन आले, 'शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे, ओटीपी सांगा'. एकीने सांगितला. तिच्या खात्यात घरकामाचे साठवलेले चार हजार होते, ते गेले. नंबर माझ्या शीटमधूनच गेले हे मी सिद्ध करू शकत नाही. गेले नाहीत असेही म्हणू शकत नाही. अशा उघड्या लिंकवर कोण येऊन वाचून गेले, त्यांची नावे मला कुठेच सापडणार नव्हती.

पैशाचे एक वेळ सोडा. शहरात खोली भाड्याने घेताना आडनाव सांगायची वेळ आली की आवाज खाली जाणारी आपली पोरे आहेत. त्यांनी कोणाला सांगायचे, कधी सांगायचे, हा त्यांचा निर्णय आहे. मी त्यांची जात, पत्ता आणि मोबाइल एका ओळीत मांडून १८० जणांच्या हाती दिला, आणि वर त्याला 'सामाजिक काम' म्हटले. त्या मुलींपैकी एकीही मला बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

याहून भयंकर मी नंतर पाहिले. अत्याचाराच्या एका प्रकरणाचा सत्यशोधन अहवाल ग्रुपवर आला. करणाऱ्यांनी काळजी घेतली होती, साक्षीदारांच्या नावांवर काळ्या पट्ट्या होत्या. मला एक परिच्छेद दुसरीकडे द्यायचा होता म्हणून मी मजकूर उचलून चिकटवला, आणि पट्टीखालची चार नावे वाडीच्या नावासकट माझ्यासमोर उभी राहिली. पट्टी फक्त वर रंगवलेली होती, खालची अक्षरे तशीच. अंगावर काटा आला. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१६ पासून कलम १५अ आहे. लोकांना पाहता येणाऱ्या अभिलेखांतून साक्षीदारांची नावे-पत्ते झाकण्याची तरतूद त्यात न्यायालयासाठी केली आहे. न्यायालयाने झाकावे म्हणून आपण लढलो, आणि आपल्याच फाइलने उघडे पाडले. मी लगेच कळवले, त्यांनी नवी फाइल काढली. तोवर जुनी तीन ग्रुपवर गेली होती. गावात राहायचे त्या चौघांना आहे, अहवाल लिहिणाऱ्यांना नाही.

हा असा उफराटा कारभार आहे. बाबासाहेबांचे विचार 'कॉपी करू नये', आणि बाईचा आधार क्रमांक 'कोणीही बदल करू शकेल'! याला मी निव्वळ तांत्रिक अज्ञान मानायला तयार नाही. पुस्तिकेवर आपले नाव असते, मंडळाचे, अध्यक्षांचे, म्हणून ती आपल्याला मौल्यवान वाटते. यादीत फक्त लोकांची नावे असतात. कुलूप कशाला लावायचे हे आपण मालकी बघून ठरवले, धोका कोणाला आहे ते बघून नाही.

मग करायचे काय? माझ्या चुकांतून जे शिकले ते सांगते. यादी गोळा करायची तर शीट वाटू नका, फॉर्म वाटा; भरणाऱ्याला स्वतःचीच नोंद दिसते, शेजारणीची नाही. शीट 'लिंक असलेला कोणीही' यावर कधीच ठेवू नका. दोघा-तिघांचे ईमेल घालून द्या, आणि त्यांना पुढे इतरांना परवानगी देता येणार नाही अशी खूण करा. आधारची गरज नसेल तर रकानाच ठेवू नका. काम संपले की यादी पुसा, आणि कागदावर छापलेली असेल तर फाडा. शिबिराच्या याद्या रद्दीत जातात आणि वडापावच्या पुडीला येतात, हे मी थट्टेने सांगत नाही. साक्षीदारांची नावे अहवालात लिहूच नका, पहिल्या मसुद्यापासून 'साक्षीदार अ', 'साक्षीदार ब' करा. खरी नावे वेगळ्या फाइलमध्ये, तिला उघडण्याचा पासवर्ड, आणि तो पासवर्ड फोनवर तोंडी. त्याच ग्रुपवर खालच्या मेसेजमध्ये नव्हे!

पुस्तिकेला मात्र काहीही लावू नका. युनिकोडमध्ये टाइप करा, पानाच्या तळाशी लेखकाचे नाव, आवृत्ती आणि तारीख छापा, 'नावासह मुक्तपणे वापरा, मजकुरात बदल करू नका, भाषांतर करायचे तर कळवा' असे साध्या मराठीत लिहा. अस्सल प्रत एका ठरलेल्या जागी ठेवा. आणि तिचा ठसा जाहीर करा. फाइलवरून गणिताने ६४ अक्षर-अंकांची एक ओळ निघते, तिला एसएचए-२५६ म्हणतात. कोणत्याही संगणकावर फुकट काढता येते. फाइलमध्ये एक स्वल्पविराम बदलला की ती सगळी ओळ बदलते. कोणी दोन ओळी घुसडून फाइल फिरवली तर दोन्हींचे ठसे शेजारी ठेवा, काम झाले. डिजिटल स्वाक्षरीही याच तत्त्वावर चालते. वामनदादांच्या कडव्यासारखे आहे हे.

हे सगळे मी दादांना फोनवर सांगितले, इतके नीट नाही, जरा भांडूनच. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ताई, पासवर्ड मला आठवत नाही. तो मुलगा आता पुण्याला असतो." म्हणजे पुस्तिका आता खुद्द दादांनाही दुरुस्त करता येत नव्हती, आणि तिच्या नवव्या पानावर सनाची चूक आहे.

त्यांनी मूळ टाइप केलेली फाइल शोधून पाठवतो म्हटले आहे. मुलीने प्रबंध दिला. संदर्भसूचीत दादांच्या मंडळाचे नाव पहिल्या पाचांत आहे. आणि मी परवा रात्री बसून माझ्या खात्यातल्या जुन्या लिंक तपासल्या. उघड्या सात निघाल्या. सहा बंद केल्या. सातवी दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यावर आहे, २०१९ ची, वस्तीतल्या विधवा बायकांची यादी, आणि ती अजून उघडते. ती ज्यांनी बनवली असेल त्यांनी हे वाचून आधी ती बंद करावी, मग मला फोन करून हवे तितके रागवावे.